बंगाल मांजराचे कागद: माझं घोडं अडलं खापरपणजीवर

बंगाल जातीचं पिल्लू परदेशातून आणायचं तर लस, पिंजरा, विमान यांचं काही वाटत नाही. माझी आयातीची फाइल दोनदा परत आली ती वंशावळीपायी. त्यात पहिल्याच खिडकीवर प्रश्न : ‘बंगालहून आणताय का?’ अहो, ते नाव पडलं बिबट्या मांजर या छोट्या रानमांजराच्या शास्त्रीय नावातल्या ‘बेंगालेन्सिस’वरून. जीन मिल यांनी १९६३ मध्ये या रानटी मांजराचा पाळीव बोक्याशी संकर केला आणि पुढे १९८० च्या दशकात अशाच संकरांतून आजची जात घडवली.

आता मूळ दुखणं. मागच्या चार पिढ्यांत रानटी पूर्वज असेल, तर अशा संकराला वन्यजीव व्यापाराचा ‘सायटीस’ करार लागू होतो आणि परवाना लागतो. माझ्याकडच्या कागदावर तीनच पिढ्या होत्या. वर ‘एसबीटी’ म्हणजे शुद्ध वंशाचा शिक्का होता, म्हणून मी निर्धास्त. चूक तिथेच झाली. तीन पिढ्यांतले सगळे पूर्वज बंगाल असले की एसबीटी मिळतं. चौथ्या ओळीत रानटी मांजर असू शकतं. म्हणजे एफ-४ (रानटी पूर्वजापासून चौथ्या पिढीचं) पिल्लू एसबीटी असूनही करारात अडकतं. हे खिडकीवरच्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर! त्यानं फक्त ‘अपुरे’ लिहून फाइल सरकवली.

नोंदणी संस्थेकडून चार किंवा पाच पिढ्यांची वंशावळ वेगळी मागवावी लागते. पिल्लू ठरवतानाच ब्रीडरला मागवायला सांगा. आईवडील २, आजी-आजोबा ४, पणजी-पणजोबा ८, खापरपणजी-खापरपणजोबा १६, अशी ३० नावं. सगळी चाळायच्या आधी आईची आई, तिची आई आणि तिचे आईवडील पाहा. एफ-१ ते एफ-३ चे नर बहुधा वंध्य असतात, त्यामुळे रानटी रक्त पुढे येतं ते मादीच्याच ओळीतून. ही दोन नावं सहसा अगदी तळाशी असतात. तिथे बंगाल असल्याचं दिसलं की निम्मी लढाई जिंकली.

मायक्रोचिप रेबीजच्या लशीआधी बसवा. उलट झालं तर अनेक देश ती लस धरत नाहीत. चिपचे १५ आकडे प्रत्येक कागदावर स्वतः जुळवा.

फोटोचं राहिलंच. साधारण चार आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत पिल्लाच्या अंगावर राखाडी, विस्कटलेले केस येतात आणि पाठीवरची गुलाबठशांची नक्षी झाकोळते. मग अर्जातलं ‘तपकिरी, ठिपकेदार’ आणि फोटो जुळत नाही. पोटावरच्या ठिपक्यांचा जवळून एक फोटो जोडा.

स्वभावाचं म्हणाल तर पुढच्या पिढ्यांतलं बंगालही गप्प बसणारं नाही. उंच चढायला जागा हवी, पाण्यात पंजे घालायची हौस दांडगी. सुरुवातीच्या पिढ्या घरभर मुतून हद्द आखतात, त्या नवख्यानं घेऊच नयेत.

आणि हो, आईवडिलांचे पीके-डेफिशियन्सी (आनुवंशिक रक्तक्षय) व पीआरए-बी (आनुवंशिक अंधत्व) चाचण्यांचे अहवाल पैसे देण्याआधी मागा, नंतर नाही.