मॅम, कुणाला सांगणार नाही ना?

गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला मिरजेहून एका ज्युनिअर डॉक्टरचा फोन आला, पीजीच्या (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मी हॅलो म्हणायच्या आतच तिने विचारलं, मॅम, कुणाला सांगणार नाही ना? मग पाचेक मिनिटं नुसती रडत होती. मी म्हटलं, नाही सांगणार, रड तू, मी आहे फोनवर. (तिला विचारूनच लिहितेय.)

तिला कसली भीती वाटत होती ते मला पुरतं माहितीये. रेसिडेन्सीत, म्हणजे पीजी करताना हॉस्पिटलात ड्युटी करायचे त्या काळात, वॉर्डातलं एक बाळ गेलं आणि त्यानंतर दोन महिने मला धड झोप नव्हती, छत्तीस तासांची ड्युटी करून रूमवर आले तरी डोळे मिटले की मॉनिटरचा आवाज. मानसोपचार विभाग आमच्याच बिल्डिंगमध्ये, एक मजला खाली. पण जायचं म्हणजे केसपेपर काढायचा, खिडकीवरचा माणूस ओळखीचा, बाहेर बाकावर माझेच पेशंट, आणि ओपीडीत बसलेला रेसिडेंट माझ्याच मेसमध्ये जेवणारा. मग मी स्वतःच स्वतःला गोळी लिहिली, आईच्या नावावर. सांगलीतल्या मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठी बघून काळजीने विचारलं, आईंना काय झालं हो मॅडम? माझ्या तोंडून शब्द फुटेना. तीन आठवडे घेतल्या, मनानेच बंद केल्या, त्रास उलट वाढला.

शेवटी कोल्हापूरला गेले. पन्नासेक किलोमीटर, का तर तिथे मला कोणी ओळखत नव्हतं म्हणून.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने २०२४ च्या रिपोर्टसाठी ऑनलाइन सर्व्हे केला होता, त्यात ५,३३७ पीजींनी उत्तरं दिली आणि साधारण ३१ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. म्हणजे आपल्या बॅचच्या ग्रुप फोटोत दर तिसरा चेहरा. त्याच रिपोर्टने आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको आणि एक सुट्टी हवीच असंही म्हटलंय. ते व्हायलाच हवं, पण मला वाटतं त्याच्याइतकीच गरज अशा एका दाराची आहे जिथे आत जाताना कोणी बघणार नाही. लंडनमध्ये २००८ सालीच डॉक्टर आणि डेंटिस्ट लोकांसाठी वेगळी गोपनीय सेवा सुरू झाली, आपणच फोन करायचा, कुणाची चिठ्ठी लागत नाही. इथे निदान एवढं तरी करता येईल की सांगलीच्या पोरांना साताऱ्याचा डॉक्टर आणि साताऱ्याच्या पोरांना सांगलीचा, परीक्षा घेणारे सर किंवा त्यांच्या ओळखीतलं कोणी समोर नको.

तोवर दोन गोष्टी माहीत असू द्या. १४४१६, टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम २३, आपली माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे, जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडले तर. एचओडींनी (विभागप्रमुखांनी) विचारलं म्हणून सांगून टाकलं असं चालत नाही. मी हेच तिला त्या रात्री वाचून दाखवलं, तिने परत वाचायला लावलं.

स्वतःच्या जिवाचं काही करायचं मनात येतंय का, हेही सरळ विचारलं. विचार येतात म्हणाली, पण तसं काही करणार नाही. रात्रभर तिची रूममेट जवळ होती, मी आणि ज्युनिअर, आम्ही दोघींनी मिळून त्या रूममेटला सांगितलं होतं.

गुरुवारी तिला सुट्टी आहे. सकाळच्या गाडीने मी पण जातेय सोबत. कोल्हापूरची अपॉइंटमेंट तिने तिच्या स्वतःच्या नावाने घेतलीय.