कोड १०
नवा पीसी जोडला, पहिल्याच झटक्यात सुरू झाला, पण इंटरनेट काही येईना. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (पीसीच्या भागांची यादी दिसते तिथे) नेटवर्क अडॅप्टरवर, म्हणजे पीसीला नेटवर्कशी जोडणाऱ्या भागावर, पिवळं चिन्ह आणि ‘कोड १०’. म्हणजे अडॅप्टर सापडलाय, पण सुरू होत नाहीये. केबल बदलण्यात तासभर गेला. खरं तर या कोडचा केबलशी संबंधच नसतो.

मग फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरलं, मदरबोर्डच्या नेमक्या मॉडेलचा लॅन ड्रायव्हर (तो अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड करून इन्स्टॉल केला. तरी तेच! शेवटी पीसी बंद करून पॉवरची वायरच काढली, पॉवर बटण दाबून धरलं, पाच मिनिटं थांबलो. (नुसतं शटडाउन केलं तरी अडॅप्टरच्या लॅन चिपला थोडी वीज मिळत राहू शकते.) पुन्हा चालू केला आणि पोर्टवरचा दिवा लुकलुकला. काय आनंद झाला म्हणून सांगू!