वाइंडिंगच्या दुकानातून हायवेवर: आमची वाटचाल

कराडला वडिलांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. कृष्णाकाठी ऊस, नदीवर पाण्याच्या मोटारी आणि उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की जळक्या मोटारींचा ढीग. पुढं आम्ही भावांनी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन काढलं, केबल आणि अर्थिंगची कामं घेऊ लागलो.

विजेवरच्या गाड्या चार्ज करायचा धंदा आम्हाला शक्य झाला तो 2018 च्या एका खुलाशामुळं. गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्याला परवाना नको, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं त्या एप्रिलमध्ये सांगितलं. गिऱ्हाईक मात्र दिसायला लागलं 2020 मध्ये टाटाची इलेक्ट्रिक नेक्सॉन आल्यावर. बॅटरी 30.2 युनिटची, कागदावर 312 किलोमीटर. हायवेला एसी लावून आम्ही 200 च धरतो. पुणे-कोल्हापूर साधारण 230, त्यात येताना खंबाटकीची चढण. मधे थांबणं आलंच, आणि कराड नेमकं सोयीच्या टप्प्यावर.

ओळखीच्या एका हॉटेलच्या आवारात 60 किलोवॅटचं, दोन गनचं (गन म्हणजे गाडीला जोडायचा प्लग) मशीन बसवलं. पहिल्याच उन्हाळ्यात ते भर दुपारी बंद पडायला लागलं. मशीन पुरवणारे फोनवरून सॉफ्टवेअर अपडेट करा म्हणत राहिले. धाकट्यानं मीटर लावून पाहिलं, तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये नऊ व्होल्ट, म्हणजे अर्थिंग कच्चं! दोन-तीनच्या वर गेलं की असली मशीन चार्जिंग नाकारतात, आणि बरोबरच करतात. गन माणसाच्या हातात असते. खाली मुरमाचा भराव, मार्चनंतर ठणठणीत कोरडा. अर्थिंगचे नवे खड्डे घेतले, बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरलं, तांब्याची पट्टी ओढली. आता उन्हाळाभर खड्ड्यांत पाणी घालणं हे हॉटेलच्या पोराचं रोजचं काम, त्याचा पगार वेगळा.

गिऱ्हाइकाचा ठरलेला प्रश्न: "मशीन 60 चं, मग मला 25 च का?" अहो, गाडी मागेल तेवढंच मशीन देतं. जुन्या गाड्या जास्त ओढतच नाहीत. 80 टक्क्यांनंतर तर वेग आणखी पडतो, म्हणून '80 झालं की गाडी काढा' अशी पाटीच लावलीय. गणपतीत आणि डिसेंबरात तिच्यावरून भांडणं होतात.

धंद्याचं म्हणाल तर युनिटमागे सुटणारा पैसा बरा, पण गाडी येवो न येवो, वीजबिलातला स्थिर आकार भरावाच लागतो. पावसाळ्यातले मंगळवार-बुधवार फार लांबतात. हॉटेलवाल्याची चहा-मिसळ चालते, त्याला चिंता नाही.

ॲपवर 'चालू'चा हिरवा ठिपका आणि जागेवर बंद मशीन, हा अनुभव घेऊन लोक आमच्याकडे येतात तेव्हा बॅटरी 7-8 टक्क्यांवर असते. नवीन मशीन लावायला सगळे पुढं, दुरुस्तीला कोणी नाही. म्हणून आम्ही मशीनवर स्वतःचा मोबाईल नंबर रंगवलाय. लाईट गेली की निघण्याआधी फोन करणाऱ्याला सरळ सांगतो, साताऱ्यातच भरून घ्या. ते गिऱ्हाईक जातं, पण परतीला आमच्याकडेच थांबतं.

सध्या चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून येणाऱ्यांसाठी पाटणच्या बाजूला जागा बघतोय. घाटात बॅटरी सपाटून उतरते, तिथं गरज आहे. जागा पसंत आहे, थ्री फेज जवळ आहे. भाड्यावर घोडं अडलंय.