कोलॅजेन घेताय? रक्त देताना सांगा
कॉलेज रोडच्या एका लॅबमध्ये मी रक्त काढते. थायरॉइड नि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला आलेल्या बायकांची तक्रार बहुतेक वेळा एकच, केस गळतात. "काही औषध चालू आहे का?" "छे, औषध नाही. सकाळी कोलॅजेनची पावडर तेवढी घेते."

तो डबा उलटा करून वाचा. कोलॅजेनसोबत बऱ्याचदा बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं. त्याची रोजची गरज जेमतेम 30-40 मायक्रोग्रॅम, पण केसांच्या काही गोळ्यांत 5 ते 10 हजार असतं! काही मशीनच्या तपासणी पद्धतीतच बायोटिन वापरतात. रक्तात ते जास्त असलं की थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) खोटं कमी आणि टी3-टी4 (थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स) खोटं जास्त दिसतं. म्हणजे ठणठणीत बाईला थायरॉइड जास्त काम करत असल्याचा रिपोर्ट.

आता खुद्द कोलॅजेन. केस बनतो केराटिन नावाच्या प्रथिनाचा. कोलॅजेन हे वेगळं प्रथिन, ते असतं मुळाभोवतीच्या त्वचेत. खाल्लेलं कोलॅजेन पोटात तुटतं, त्याचे अमिनो आम्ल आणि बारीक तुकडे रक्तात जातात. ते डोक्याकडेच वळतील असा काही नियम नाही. शिवाय केराटिनला सिस्टीन हे अमिनो आम्ल भरपूर लागतं, आणि कोलॅजेनमध्ये तेच नगण्य.

जाहिरातवाले 2016 चं जपानी संशोधन दाखवतात. त्यात उंदरांच्या केसांच्या मुळाशी असलेलं 'कोलॅजेन 17' वयानुसार घटतं आणि केस विरळ होतात, असं दिसलं होतं. खरं आहे, पण ते शरीर स्वतः बनवतं. कोणी उंदरांना पावडर पाजली नव्हती. त्वचेबद्दल पुरावा थोडा बरा म्हणावा, तर 2025 मध्ये 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांत फरक दिसलाच नाही. केसांवर तर एवढ्याही चाचण्या नाहीत.

मग "मला फरक पडला" म्हणणाऱ्या खोटं बोलतात का? नाही. डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात आणि बहुतेकींचे पुढे आपोआप सावरतात. त्याच सुमारास डबा घरात आलेला असतो, श्रेय त्याला.

पंचवटीतल्या माझ्या जाऊबाई कांदा-लसूणही खात नाहीत, आणि कोलॅजेन येतं माशांच्या कातडीतून नाहीतर जनावरांच्या हाडा-कातड्यातून. वनस्पतीत ते नसतंच. हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. डबा आता धुणंवाल्या मावशींना द्यायचा म्हणतात. मी म्हटलं, मावशींचं आधी फेरिटिन बघू या.