तुम्ही विचारलंत म्हणून : पापणीवरचा तो डाग आपोआप गेला का?

आमच्या बाहेरच्या खोलीत लेकीचा तीन महिन्यांची असतानाचा फोटो लावलेला आहे, पापणीवरच्या डागासकट. येणारं माणूस चहाचा कप हातात घेऊन तिथे थांबतंच. एकदा फोटोकडे, एकदा अंगणात खेळणाऱ्या लेकीकडे बघतं आणि विचारतं, "हा डाग आपोआप गेला का हो?" ज्यांच्या घरी असं बाळ असतं त्यांचे फोनही येतात, ओळखीच्या ओळखीतून. त्यांचाही पहिला प्रश्न हाच असतो.

नाही, आपोआप नाही गेला. औषधाने गेला, आणि थोडासा अजून आहे. पण असे बहुतेक डाग आपोआप जातात हेही तितकंच खरं. म्हणून एका शब्दात उत्तर देता येत नाही.

ती डिसेंबर २०२० मध्ये झाली, आठव्या महिन्यातच, एक किलो नऊशे ग्रॅमची. जन्मली तेव्हा पापणीवर काही म्हणजे काही नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात उजव्या वरच्या पापणीवर कुंकवाचं बोट पुसट लागल्यासारखं दिसलं. मला खरंच कुंकू वाटलं. ओल्या कापसाने मी ते दोनदा पुसलं, निघालं नाही. पाचव्या आठवड्यात तिथे उंचवटा आला. आम्ही वाईचे, जानेवारीत आमच्याकडे स्ट्रॉबेरीला तोटा नसतो. शेजारच्या वहिनींनी पनेट आणून दिलं आणि त्यातलं एक फळ हातात घेतल्यावर माझा हात थांबला. तोच रंग, तसंच दाणेदार अंग. या गाठीला स्ट्रॉबेरीचंच नाव आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं. त्या हंगामात मी पुन्हा स्ट्रॉबेरी तोंडात घातली नाही.

गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "रक्ताची गाठ आहे. पाच वर्षांची होईपर्यंत जाते. काही करायचं नाही." मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! घरी मात्र वेगळंच सुरू झालं. आजेसासूबाई म्हणाल्या, लासं आहे, देवानेच गालबोट लावून पाठवलंय, असू दे. ते मला आवडलं. पण एका नातेवाईक बाईंनी हळूच विचारलं, "ग्रहणात काही चिरलंस का गं?" मी कालनिर्णय काढलं. २१ जून २०२०, रविवार, सूर्यग्रहण. मला नुकतेच दिवस गेले होते तेव्हा. त्या दुपारी आपण दोडके चिरले होते का, हे आठवत मी अख्खी रात्र जागून काढली. बाळ कुशीत झोपलेलं, आणि मी दोडक्यांचा हिशेब करतेय.

जिच्या मनात आज असा हिशेब चालू असेल तिला मी आधी हेच सांगते, की ग्रहण, अपुरे राहिलेले डोहाळे, पोटावर ठेवलेला हात, खाल्लेलं काही, यातल्या कशाचाही या डागाशी संबंध नाही. या गाठीला हिमॅन्जिओमा म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी भराभर वाढतात आणि ती तयार होते. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती होते, मुलांपेक्षा मुलींना जास्त, आणि दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांना आणखी जास्त. माझी लेक या तिन्हीत बसत होती. त्यात माझ्या विळीचा काही दोष नव्हता.

दहा आठवड्यांच्या लसीला गेलो तेव्हा सिस्टरांनी बाळाकडे बघितलं आणि सुई बाजूला ठेवली. "ताई, मागच्या डोसला हे एवढं नव्हतं. तेव्हा डोळा पूर्ण उघडत होता." मी रोज बघत होते म्हणून मला दिसलं नव्हतं, त्यांनी महिन्याने बघितलं म्हणून त्यांना दिसलं. त्या बाईंचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही.

पुण्याला लहान मुलांच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा माझा फोन मागितला. फोनमधले बाळाचे फोटो तारखेप्रमाणे मागे सरकवत गेल्या आणि तिसऱ्या आठवड्याच्या फोटोवर थांबल्या. त्यांनी जे समजावलं ते इतकं सोपं होतं, की आधी कुणी सांगितलं का नाही याचं मला रडू आलं. ही गाठ सगळ्यात वेगाने वाढते ती पाच ते सात आठवड्यांच्या सुमारास. तिची बरीचशी वाढ पहिल्या तीन महिन्यांत उरकते, आणि मग ती वर्षानुवर्षं सावकाश ओसरते. म्हणजे पाच वर्षांत जाते हे चूक नाही. पण त्या आधी ती काय करून जाते, हा खरा प्रश्न. पापणीवरची गाठ बुबुळाला दाबते आणि डोळ्याला वाकडा (सिलिंड्रिकल) नंबर येतो. झाकलेल्या डोळ्याकडून मेंदूला नीट चित्र मिळत नाही, मग मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. गाठ जाईल, पण तोवर त्या डोळ्याची नजर घडायची राहून गेलेली असेल.

मग गावातले डॉक्टर खोटं बोलले का? नाही. ते जुनं बोलले. २००८ पर्यंत या गाठीवर प्रामुख्याने स्टेरॉइड द्यायचे, त्याचे त्रास पुष्कळ, त्यामुळे थांबणंच बऱ्याचदा शहाणपणाचं होतं. त्या वर्षी फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अनुभव छापला. नाकावर मोठी गाठ असलेल्या एका बाळाला स्टेरॉइड चालू होतं, त्यात हृदयाचा त्रास सुरू झाला, म्हणून त्याला प्रोप्रॅनोलॉल दिलं. हे हृदयाचं आणि रक्तदाबाचं जुनं औषध. दुसऱ्याच दिवशी गाठीचा भडक लाल रंग जांभळा झाला आणि ती मऊ पडली. तिथून सगळं बदललं. २०१५ मध्ये ४६० बाळांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सहा महिने पुरेशा मात्रेत औषध घेतलेल्यांपैकी ६० टक्के बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गेली, नुसतं औषधासारखं दिसणारं पाणी दिलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं.

आमच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "वहिनी, ही बीपीची गोळी आहे. बाळासाठी?" मी हो म्हटलं आणि माझेच पाय लटपटले. सुरू करण्याआधी ईसीजी, नाडी, रक्तदाब, साखर सगळं बघितलं होतं. मात्रा वजनावर ठरते, दर किलोमागे दिवसाला दोन ते तीन मिलिग्रॅमपर्यंत, आणि तिथवर पायरीपायरीने जातात. वजन वाढेल तशी डॉक्टर ती बदलत राहतात, त्यामुळे दुसऱ्या बाळाची मात्रा आपल्या बाळाला चालत नाही. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे गोळी पाण्यात विरघळवायची, सिरिंजमध्ये रेघेपर्यंत ओढायची आणि गालाच्या आतल्या बाजूने थेंब थेंब सोडायची. एकच नियम त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतला : पोटात दूध गेल्याशिवाय औषध नाही. या औषधाने बाळाची साखर उतरू शकते. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर असेल, तर डोस थांबवायचा आणि फोन करायचा. स्वयंपाकघरातल्या फळीवर मी हे खडूने लिहून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालिश करताना पापणी माझ्या अंगठ्याखाली वेगळी लागली. आदल्या दिवशीपर्यंत तट्ट होती, त्या दिवशी उकडलेल्या वाटाण्यासारखी दबली. रंगात जांभळट, राखाडी छटा आली होती. महिन्याभरात डोळा उघडला. औषध चौदा महिन्यांची होईपर्यंत चाललं, मग हळूहळू कमी केलं. मध्येच सोडलं तर गाठ पुन्हा फुगू शकते.

आता एका मुलाबद्दल, कारण त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय हे उत्तर अर्धं राहील. पुण्याला दुसऱ्या खेपेला आमच्या शेजारी सातवीतला एक मुलगा वडिलांबरोबर बसला होता. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. माझ्या लेकीकडे बघून म्हणाला, "काकू, मला मास्क आवडतो. मास्क आहे तोवर कुणी विचारत नाही." त्याने मास्क कानावरून काढला. डाव्या गालापासून वरच्या ओठापर्यंत जांभळाचा रस सांडल्यासारखं लालजांभळं होतं, आणि ओठ त्या बाजूला जाड झालेला. वडील म्हणाले, जन्मला तेव्हा गुलाबी होतं, मोठा झाला की जाईल असं सांगितलं होतं. बारा वर्षं त्यांनी वाट बघितली.

तो डागच वेगळ्या जातीचा. त्याला पोर्ट-वाइन स्टेन म्हणतात. सोव्हिएत रशियाचे नेते गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावर होता तो हाच. या डागातल्या पेशी भराभर वाढत नसतात, रक्तवाहिन्याच जन्मतः रुंद घडलेल्या असतात. तो जन्मापासून दिसतो, अंगाबरोबर वाढतो, वयाबरोबर गडद आणि जाड होतो, आणि आपोआप जात नाही. बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी १९८२ मध्ये या दोन जाती स्पष्ट वेगळ्या केल्या. २०१३ मध्ये कळलं, की पोर्ट-वाइन डागामागे बाळ पोटात घडत असताना एखाद्या पेशीत झालेला छोटासा जनुकीय बदल असतो आणि तो आईबापांकडून आलेला नसतो. हे ऐकताना त्या वडिलांचे डोळे मी बघितले आहेत.

त्यावर इलाज पल्स्ड डाय लेझरचा. रक्तातलं हिमोग्लोबिन विशिष्ट रंगाचा प्रकाश गिळतं, वाहिनी आतून तापून मिटते आणि वरची कातडी शाबूत राहते. आपल्या सावळ्या कातडीतला रंगही तोच प्रकाश गिळतो. म्हणून ताकद बेताने ठेवावी लागते, कातडी थंड करत करत मारावं लागतं आणि नंतर उन्हाला जपावं लागतं. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. डाग पुष्कळांचा फिका होतो, पूर्ण थोड्यांचाच जातो. बाळपणी, कातडी पातळ असताना सुरू केलं तर गुण जास्त येतो. म्हणून त्या बारा वर्षांचं वाईट वाटतं. त्या दिवशी लेझर मारून तो बाहेर आला तेव्हा गालावर गोल गोल काळेनिळे ठिपके होते. ते दहा-बारा दिवसांत जातात. त्याने मास्क लावला नाही, खिशात ठेवला.

एकच वाक्य, "थांबा, जाईल," आम्हा दोघांनाही मिळालं होतं. माझ्या लेकीच्या बाबतीत ते अर्धं खरं होतं, त्याच्या बाबतीत मुळीच नाही. म्हणून "जाईल का" याच्या आधी "कोणत्या जातीचा आहे" हे विचारा. जन्मतःच होता की नंतर आला? वाढतोय की तेवढाच आहे? मानेवर मागे किंवा कपाळाच्या मध्यावर फिकट गुलाबी डाग तर कितीतरी बाळांना असतो. कपाळावरचा वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो, मानेवरचा केसांखाली राहिला तरी काही बिघडत नाही. पाठीवरच्या, दंडावरच्या लहानशा हिमॅन्जिओमालाही बहुधा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं, किंवा काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब डॉक्टर वरून लावायला देतात.

पण गाठ डोळ्यापाशी, नाकावर, ओठावर किंवा लंगोटाच्या जागी असेल, तर थांबू नका. तिथे ती चिघळते, दुखते, आकार बिघडवते. हनुवटी-जबड्यावर पसरली असेल आणि श्वासाचा आवाज येत असेल, तर त्याच दिवशी गाठा. अंगावर पाच किंवा जास्त असतील तर पोटाची सोनोग्राफी करून यकृत बघून घेतात. कपाळावर आणि वरच्या पापणीवर पसरलेल्या पोर्ट-वाइन डागात डोळ्याचा दाब आणि मेंदू तपासावा लागतो. त्या मुलाचा डाग खाली गालावर होता, तेवढं नशीब. आणि गाठीतून रक्त आलंच, तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका.

लेक आता पाच वर्षांची आहे. पापणीवर बारीक लाल रेघा आणि किंचित सैल कातडी आहे. उजव्या डोळ्याला वाकडा नंबर राहिला. चष्मा आहे, आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून उजव्याला कामाला लावायचं असतं. त्या वेळात ती तांदूळ निवडायला बसते. खडा सापडला की ओरडून दाखवते.

सहाव्या आठवड्यातच पुण्याला गेलो असतो तर ही पट्टी लागली नसती का, हे मला कुणी सांगू शकत नाही. म्हणून तुम्ही फोन केलात की मी आधी बाळाचं वय विचारते, महिन्यांत नाही, आठवड्यांत. आणि डॉक्टरांची वेळ घेताना पलीकडच्या माणसाला "डाग दाखवायचाय" एवढंच सांगू नका. "बाळ पाच आठवड्यांचं आहे आणि डाग वाढतोय," असं सांगा, आणि फोनमधले फोटो तारखेप्रमाणे लावून ठेवा.