वयाच्या आधी काम बघा

टीममध्ये तेविशीपासून अठ्ठावन्नपर्यंतची माणसं असली की काहीही बिनसलं तरी खापर वयावर फुटतं. ‘नवी पोरं टिकत नाहीत’ आणि ‘जुने लोक ऐकत नाहीत’ ही दोन वाक्यं मॅनेजरला फार सोयीची. एकदा ती म्हटली की कामाची घडी तपासावी लागत नाही. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या विज्ञान-संस्थांनी 2020 मध्ये याच विषयावर अहवाल काढला. मिलेनियल वगैरे पिढ्यांच्या लेबलांवरून मनुष्यबळाचे निर्णय घेऊ नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

वय, या नोकरीतली वर्षं आणि घरची परिस्थिती या तीन गोष्टींची गल्लत होते. संध्याकाळी सहाची मीटिंग तान्हं मूल असलेल्या बत्तिशीच्या माणसाला जाचते, तशीच आजारी आईला सांभाळणाऱ्या पंचावन्नच्या माणसालाही. इथे पिढीचा काही संबंध नाही, मीटिंग चारला घ्या. बावन्नाव्या वर्षी रुजू झालेला माणूसही नवाच असतो, पण ‘त्यांना काय शिकवायचं’ म्हणून त्याची ओळख-फेरी गाळली जाते. मग दोन महिन्यांनी तो ‘हळू’ ठरतो.

निरोप कसा पाठवायचा, या भांडणाला एक पानभर नियम पुरतो. तासाभरात हवं असेल तर फोन, आज हवं असेल तर चॅट, आणि निर्णय फक्त ईमेलवर. चॅटवरचा अंगठा म्हणजे ‘वाचलं’ की ‘मान्य’, हेही लिहून टाका. निम्मे गैरसमज त्या अंगठ्याचेच असतात.

खरा घोळ होतो तो जाणत्या माणसाचं काम दुसऱ्याच्या हाती देताना. निवृत्तीला पंधरा दिवस उरले की त्याला सांगतात, ‘सगळं लिहून ठेवा.’ तो लिहितो ते मॅन्युअलमध्ये आधीच असतं. जे हाताला कळतं ते आपल्याला येतं हे त्याच्या ध्यानातच नसतं. म्हणून निदान सहा महिने आधी सुरुवात करा, आणि लिहायचं काम शिकणाऱ्याला द्या. पहिले दोन आठवडे त्याने बघायचं, पुढचे दोन बरोबरीने करायचं. त्यानंतर एकट्याने करायचं, जाणत्याने शेजारी गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड. टिपणं शिकणाऱ्याची, दुरुस्ती जाणत्याची. काय समजलं नाही ते तिथेच उघडं पडतं. ‘हे कसं करता?’ असं विचारू नका, पाठ केलेलं उत्तर येतं. मागचे तीन बिघाड काढा आणि विचारा, ‘नेमकं काय दिसलं म्हणून हात थांबला?’

या कामाला आठवड्याला दोन तास ठरवा आणि दोघांच्याही टार्गेटमधून तेवढे वजा करा. वजा केले नाहीत तर तिसऱ्या आठवड्यात हे बंद पडतं. वर्षातून एकदाच येणारी कामं आधी कॅलेंडरवर शोधा. वार्षिक हिशेब मार्चमध्ये बंद होत असतील आणि माणूस जानेवारीत जाणार असेल, तर शिकवण्याचा मार्च गेल्या वर्षीचाच होता.

उलट दिशेची शिकवणी जुनीच आहे. 1999 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना तरुण सहकाऱ्यांकडून इंटरनेट शिकायला लावलं होतं. तिचं फुकटचं हेल्पडेस्क होऊ नये म्हणून दोन नियम पाळा. शिकणाऱ्याने स्वतःची खरी फाइल आणायची, आणि माउस त्याच्याच हातात राहायचा. तरुणाने चटकन करून दिलं की पुढच्या सोमवारी तोच प्रश्न परत येतो.

बॉस तरुण आणि हाताखालचा माणूस ज्येष्ठ असेल तर ‘मी तुमच्यापेक्षा लहान आहे, पण…’ अशी सुरुवात नको. कोणते निर्णय कोणाचे, हे पहिल्याच भेटीत ठरवा. ‘अहो’ म्हणायला हरकत काहीच नाही, पण संकोचापोटी चूक सांगायची राहते आणि ती वर्षअखेरच्या मूल्यांकनात एकदम आदळते. दोन दिवसांच्या आत, एकांतात, एकाच घटनेबद्दल बोला.

शरीराच्या बदलांकडे मात्र काणाडोळा नको. चाळिशीनंतर जवळचं अक्षर धूसर होतं. ती हट्टाची गोष्ट नाही. बीएमडब्ल्यूच्या जर्मनीतल्या डिंगोल्फिंग कारखान्यात 2007 मध्ये 42 कामगारांच्या एका लाइनवर, सरासरी वय मुद्दाम 47 ठेवून, सुमारे 70 छोटे बदल केले. त्यात लाकडी फरशी, बसून काम करायला खुर्च्या, भिंगं, स्क्रीनवर मोठी अक्षरं असं बरंच काही होतं. खर्च सुमारे 40,000 युरो आला आणि वर्षभरात उत्पादकता 7 टक्के वाढली. यातल्या बऱ्याच सूचना कामगारांच्याच होत्या. अक्षर वाढवायचं तर सगळ्यांच्या स्क्रीनवर एकदमच वाढवा. एकट्याच्या टेबलावर ठेवलेलं भिंग आठवड्यात खणात जातं.