काकांची क्लिप आणि बगदादची आग

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग, टँकर आणि पार्किंगची भांडणं सोडून काही आलं की मी जरा सावधच होतो. गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला एक क्लिप आली. लोक दूतावासाच्या भिंतीवर चढतायत, आतून धूर निघतोय, आणि खाली लिहिलेलं की समलिंगी लग्नाचं खूळ आमच्याकडे आणाल तर हे असं होणार, याला म्हणतात संस्कृती जपणं. पाठवणारे बी विंगचे काका. खाली सात अंगठे, दोन नमस्कार.

क्लिप बगदादची होती. आता हे काका एरवी तिकडच्या लोकांबद्दल काय काय फॉरवर्ड करतात ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्या रात्री तिथला जमाव त्यांना एकदम आदर्श वगैरे वाटायला लागला होता.

मला ते प्रकरण अर्धवट आठवत होतं म्हणून जेवलेलं ताट तसंच ठेवून शोधत बसलो (बायको अजून बोलतेय त्यावरून). तर तो स्वीडनचा दूतावास, २० जुलै २०२३ ची पहाट. आणि आग लग्नावरून नव्हतीच! जूनच्या शेवटी ऐन ईदच्या दिवशी स्टॉकहोममध्ये एका माणसाने, तो पण मूळचा इराकीच, मशिदीबाहेर कुराण जाळलं होतं, मग तसंच परत होणार अशी बातमी आली आणि तिथला शिया धर्मगुरू मुक्तदा अल सद्र याच्या समर्थकांनी आत घुसून पेटवून दिलं. स्वीडनमध्ये दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न १ मे २००९ पासून कायदेशीर आहे, त्यावरूनच पेटवायचं असतं तर चौदा वर्षं कशाला थांबले असते?

पण काकांचं अगदीच शंभर टक्के खोटं पण नाही म्हणता येत. जूनमध्ये हेच लोक पहिल्यांदा दूतावासात शिरले तेव्हा त्यांनी इंद्रधनुष्याचे झेंडे पण जाळले होते. कुराण जाळण्याशी त्या झेंड्याचा काडीचा संबंध नाही, पण गोऱ्यांना झोंबेल असं काहीतरी हवं होतं आणि हे हाताशी होतं. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचंच. स्वीडनने दूतावासाचं काम तात्पुरतं स्टॉकहोमला हलवलं, त्यांची माणसं सुखरूप. आणि एप्रिल २०२४ मध्ये इराकच्या संसदेने समलिंगी संबंधांना १० ते १५ वर्षं कैद असा कायदा केला, आधीच्या मसुद्यात तर फाशीच होती. म्हणजे झोंबवायचं होतं स्वीडनला आणि आत जाणार कोण, तर तिथलीच पोरं, ज्यांना कुठल्याच विमानात कुणी बसवलं नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. तीन मोठे मेसेज. आणि जोशात आपल्याकडचं पण टाकलं, की सरकारने कोर्टात समलिंगी लग्नाला शहरी उच्चभ्रूंचं खूळ म्हणलं होतं पण नेपाळमध्ये २०२३ ला पहिलं असं लग्न नोंदवलं गेलं ते काठमांडूत नाही, लमजुंग जिल्ह्यातल्या एका गावपालिकेत. की १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी लग्नाचा हक्क नाकारलाच, पण सिव्हिल युनियनला, म्हणजे लग्न न म्हणता जोडपं म्हणून कायद्याने मान्यता द्यायला, हो म्हणणाऱ्या दोघांत आपल्या खेड तालुक्यातल्या कनेरसरचे, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड होते. (कनेरसर मुद्दाम घातलं, काकांचं कुलदैवत तिकडचं.) की २०२४ पासून अशा दोघांना एका रेशन कार्डावर राहता येतं, बँकेत जॉइंट खातं काढता येतं, फक्त नवरा बायको नाही म्हणायचं, तांदूळ मात्र एकत्र घ्या.

काकांनी अंगठा दिला आणि खाली लिहिलं, उद्या टँकर सकाळी सहाला.

मी आपला खूश. बायकोला पण वाचून दाखवलं.

आता, आमच्याच सोसायटीत माझा मावसभाऊ राहतो भाड्याने. तो आणि त्याचा जोडीदार. फ्लॅट मीच बघून दिलेला, तेव्हा मालकाला सांगितलं होतं दोघं एका कंपनीत आहेत. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ते 'ती आयटीवाली पोरं' म्हणूनच माहीत, काकांच्या टीव्हीचं काही बिघडलं की वर त्यांनाच हाक जाते. तीन दिवसांनी जिन्यात भेटला. मला वाटलं आता हा पाठ थोपटणार.

तर म्हणाला, "दादा, तू कशाला एवढं लिहिलंस? काकांनी काल विचारलं, तुमचा भाऊ एवढा तावातावाने का बोलतो रे या विषयावर, घरात कुणी आहे का तसं?"

मी म्हणलं, मग तू काय सांगितलंस?

"काय सांगणार. हसलो. पुढच्या महिन्यात आमचे अकरा महिने संपतायत, आणि फ्लॅट काकांच्या भाच्याचा आहे, विसरलास का?"

वर जाऊन फोन उघडला. तीन दिवस उलटून गेलेले, डिलीट फॉर एव्हरीवनचा ऑप्शनच येईना.